घरचा जनरेटर : जोडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

घरी जनरेटर बसवण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी कोणता जनरेटर घ्यावा हे विचारलं आहे. आमचं म्हणणं असं की आधी वायरमन ठरवा, मग जनरेटर. जनरेटर थोडा कमी दर्जाचा निघाला तर गैरसोय होते, पण जोडणी चुकली तर माणूस जातो. उत्तरांतले सगळे आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यासाठी आहेत.

प्रश्न : आमचा वायरमन म्हणतो, चेंजओव्हर (घराचा पुरवठा मेनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) कशाला हवा? मेन स्विच बंद करायचा आणि दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने जनरेटर घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडायचा. मेन बंद असताना यात धोका काय?

धोका हा की सगळी सुरक्षितता एका माणसाच्या आठवणीवर राहते. अंधारात, घाईत, घरातलं दुसरंच कोणी जनरेटर सुरू करायला गेलं आणि मेन बंद करायचा राहिला, की वीज उलटी बाहेरच्या लाइनवर जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करतं. जे रोहित्र ११,००० व्होल्टवरून घरगुती दाबाला आणतं, तेच तुमच्या जनरेटरचे २३० व्होल्ट पुन्हा हजारो व्होल्टवर नेतं. लाइन मेलेली आहे असं धरून खांबावर चढलेल्या लाइनमनचा त्यात जीव जातो. शेजारपाजारच्या घरांचा लोड आला की जनरेटर आपोआप बंद पडेल, असं काही जण सांगतात. त्यावर विसंबू नका. जवळच कुठे तार तुटली असेल तर तो लोड येतच नाही, आणि लाइनमन काम करत असतो तो नेमका त्या तुटलेल्या तारेवर.

दुसरी गोष्ट, जनरेटर चालू असताना लाइट परत आली की दोन पुरवठे एकमेकांवर आदळतात. त्यांचे फेज जुळलेले नसतात. अल्टरनेटरची, म्हणजे जनरेटरमधल्या वीज बनवणाऱ्या भागाची, वाइंडिंग जळते, कधी आग लागते. तिसरी गोष्ट, त्या वायरचा प्लग सॉकेटमधून निसटला तर उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात, हात लावायचा अवकाश. शिवाय सॉकेटपर्यंतची भिंतीतली वायर एका उपकरणासाठी टाकलेली असते, साऱ्या घराचा लोड तिच्यावर चढवायचा नसतो.

सिंगल फेज घराला दोन पोलचा चेंजओव्हर लागतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. त्याच्या मुठीच्या तीन जागा असतात : एक, शून्य, दोन. मूठ एकवरून दोनवर नेताना मध्ये शून्यावर थांबते आणि पुढे ढकलावी लागते. त्या थांब्यातच पहिला पुरवठा पूर्ण सुटलेला असतो. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणं यंत्राच्या रचनेतच शक्य नसतं. हेच काम एकमेकांना यांत्रिक अडसर असलेल्या दोन ब्रेकरच्या जोडीनेही होतं, पण त्यातही न्यूट्रल तुटला पाहिजे.

चेंजओव्हरची क्षमता जनरेटरवरून ठरवू नका. ५ केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप, व्होल्ट गुणिले अँपिअर भागिले हजार) जनरेटर २२ अँपिअर देतो म्हणून ३२ अँपिअरचा चेंजओव्हर बसवला जातो आणि त्यातून एरवी मेनचे ४० अँपिअर वाहतात. दोन पुरवठ्यांपैकी जो मोठा, त्याच्या वरची क्षमता हवी. घराला ४० अँपिअरचा पुरवठा असेल तर ६३ अँपिअरचा चेंजओव्हर घ्या.

दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर बनवून देणारा वायरमन बदला. त्याने पुढची कामं कशी केली असतील, हे तपासत बसू नका.

प्रश्न : एकाने ३ केव्हीए सांगितला, दुसऱ्याने ७.५. घरात फ्रिज, सहा पंखे, पंधरा एलईडी दिवे, टीव्ही, राउटर, १ एचपीची पाण्याची मोटर आणि दीड टनाचा एसी आहे. खरं कोणाचं?

दोघांनीही अंदाज बांधला आहे. मोजलेलं दिसत नाही. वायरमनने क्लॅम्प मीटर घेऊन तुमच्या डीबीपाशी, म्हणजे सगळ्या सर्किटांचे ब्रेकर असलेल्या बोर्डापाशी, उभं राहायला हवं. एकेक वस्तू चालू करून त्या सर्किटची फेज मीटरच्या जबड्यात धरायची आणि आकडा लिहून घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातून जे कळतं ते उपकरणांच्या पाठीवरच्या पट्ट्या वाचून कळत नाही.

तूर्त कागदावर हिशोब मांडू. पंखे सहा गुणिले ७५ म्हणजे ४५० वॅट, दिवे १५०, टीव्ही १००, राउटर आणि चार्जर ५०, फ्रिज २००. झाले ९५० वॅट. एसी साधारण १,६०० वॅट. मोटर १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते तिच्या दांड्यावर मिळणारं काम झालं. ती वीज ओढते ती १,००० ते १,१०० वॅट. एसी आणि मोटर एकाच वेळी चालवायची नाही असं ठरवलं, तर जास्तीत जास्त चालू लोड ९५० अधिक १,६००, म्हणजे २,५५० वॅट. जनरेटर कायम पाऊणच भरावा. म्हणजे ३,४०० वॅटची क्षमता हवी. पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.८ धरला तर सव्वाचार केव्हीए. बाजारात त्याच्या वरचा ५ केव्हीए मिळतो.

आता सुरू होतानाचा झटका. मोटर आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या चार ते सहा पट ओढतात. जुन्या पद्धतीचा, म्हणजे कॉम्प्रेसर खटकन चालू-बंद होणारा एसी असेल, तर सात-आठ अँपिअरवर चालणारं यंत्र सुरुवातीला ३५-४० अँपिअर मागतं. ५ केव्हीएचा जनरेटर २२ अँपिअरचा आहे. क्षणभर तो त्याहून जास्त देऊ शकतो, पण व्होल्टेज बसतं, दिवे मंदावतात, आणि व्होल्टेज फार खाली गेलं तर कॉम्प्रेसर फिरतच नाही, नुसता गुरगुरत तापतो. इन्व्हर्टर एसी मात्र हळूहळू वेग घेतो, त्याला हा झटका नसतो. म्हणून तुमचा एसी इन्व्हर्टर प्रकारचा असेल तर ५ केव्हीए पुरेल. जुना असेल तर ७.५ घ्या किंवा एसीला सॉफ्ट स्टार्टर (सुरुवातीचा झटका कमी करणारं यंत्र) लावून घ्या. ३ केव्हीए दोन्हींत कमी. मोटर चालवायची असेल तेव्हा आधी मोटर सुरू करायची, तिने वेग घेतला की मग एसी सोडून बाकीचं.

जनरेटरवर छापलेला मोठा आकडा बहुधा ‘कमाल’ क्षमतेचा असतो, जो थोडा वेळच मिळतो. हिशोब ‘रेटेड’ आकड्यावर करायचा. केव्हीए आणि किलोवॅट यांची गल्लतही होते. ०.८ पॉवर फॅक्टरला ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅटच. समुद्रसपाटीपासून वर गेलं की हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद उतरते. साध्या पेट्रोल इंजिनात दर ३०० मीटरला साधारण ३ ते ३.५ टक्के धरा.

गरजेपेक्षा खूप मोठा घेण्यातही शहाणपण नाही. डिझेल इंजिन ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर तासन् तास चाललं तर सिलिंडर पुरेसा तापत नाही. न जळालेलं इंधन काजळीबरोबर धुराड्यात साचतं, धुराड्याच्या सांध्यातून काळं तेल ओघळायला लागतं.

प्रश्न : आमच्याकडे थ्री फेज पुरवठा आहे आणि जनरेटर सिंगल फेज घेतला आहे. वायरमनने चार पोलच्या चेंजओव्हरला जनरेटरच्या बाजूने तिन्ही फेजना एकच फेज लूप करून दिली. घरभर लाइट येते. हे बरोबर आहे का?

पद्धत रूढ आहे आणि चालते, पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय नाही.

एक, थ्री फेज मोटर. पाण्याचा पंप, लिफ्ट, पिठाची मोठी चक्की, जे काही तीन फेजवर चालतं, त्याला आता तिन्ही तारांवर एकच फेज मिळते. दोन तारांत व्होल्टेजचा फरकच नसतो, मोटर फिरत नाही. स्टार्टरची कॉइल न्यूट्रलवर असेल तर ती मात्र ओढली जाते. अशी सर्किटं चेंजओव्हरच्या आधीच मेनवर घ्यावीत, म्हणजे जनरेटर चालू असताना ती मेलेलीच राहतील. ‘तेवढा ब्रेकर पाडून ठेवा’ हा तोंडी सल्ला मान्य करू नका.

दोन, न्यूट्रल. हा मुद्दा बहुतेक वेळा सुटतो. मेनवर तीन फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना बरेचसे खोडून काढतात, त्यामुळे तिन्हींना मिळून एकच न्यूट्रल टाकलेला चालतो. सिंगल फेज जनरेटरवर तिन्हींवर एकच फेज असल्याने प्रवाहांची बेरीज होते. प्रत्येक फेजवर ७ अँपिअर असले तर मेनवर न्यूट्रलमध्ये जवळपास काही नसतं, जनरेटरवर २१ अँपिअर असतात. न्यूट्रलवर ब्रेकर नसतो, त्यामुळे कोणाला कळण्याआधी वायर तापते. वरच्या मजल्यावर तीन फेज आणि एकच बारीक न्यूट्रल गेला आहे का, हे डीबी उघडून बघायला सांगा. गेला असेल, तर जनरेटरवर फक्त एका फेजची सर्किटं घ्या, किंवा त्या न्यूट्रलची जाडी जनरेटरच्या पूर्ण प्रवाहाला पुरेल एवढी करा.

प्रश्न : जनरेटरला स्वतःचा लीकेज ब्रेकर आहे. एखादं अवजार थेट लावलं तर चालतं, पण घराला जोडला की लोड येताच ब्रेकर पडतो. वायरमन म्हणतो ब्रेकर काढून टाकू. काढावा का?

अजिबात नाही. ब्रेकर खरं सांगतो आहे.

जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि बॉडी आतून जोडलेली असेल, आणि चेंजओव्हर फक्त फेज बदलणारा असेल, म्हणजे घराचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला कायमचा जोडलेला असेल, तर न्यूट्रल दोन ठिकाणी अर्थ झाला, म्हणजे जमिनीला जोडला गेला : एकदा जनरेटरवर आणि एकदा मेनच्या बाजूला. परतीचा प्रवाह मग दोन वाटांनी येतो. बराचसा न्यूट्रलमधून, थोडा अर्थमधून. लीकेज ब्रेकर जाणारा आणि येणारा प्रवाह ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सुटतो, आणि इथे फरक त्याहून कितीतरी जास्त आहे. उपाय एकच, न्यूट्रलसुद्धा बदलणारा दोन पोलचा चेंजओव्हर.

तो आधीच असेल तर दुसरं कारण शोधा. निवडक सर्किटं जनरेटरवर घेताना वायरमन त्यांच्या फेज नव्या बोर्डात आणतो, पण न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवतो. मेनवर काही बिघडत नाही. जनरेटरवर मात्र परतीचा प्रवाह जमिनीतून वळसा घेतो किंवा पोचतच नाही. ब्रेकर पडतो, नाहीतर दिवे लागत नाहीत. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच्या फेजबरोबर नव्या बोर्डात आला पाहिजे.

याच्या उलट परिस्थिती जास्त धोक्याची आहे, कारण तिथे काहीच पडत नाही. हातात उचलून नेता येणाऱ्या बऱ्याच जनरेटरांत न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो, तरंगता असतो. असा जनरेटर दोन पोलच्या चेंजओव्हरमधून घराला दिला तर एखाद्या गीझरच्या बॉडीत फेज उतरली तरी प्रवाहाला परत जायला वाट नाही, म्हणून आरसीसीबी (घरातला लीकेज ब्रेकर) सुटत नाही. आणि तिचं टेस्ट बटण दाबून बघाल तर ती झटकन सुटेल! ते बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच छोटा प्रवाह सोडतं, अर्थचा त्यात संबंध नसतो. त्यामुळे बटणाने खात्री होत नाही. जनरेटर चालू असताना मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्ट आले तर न्यूट्रल अर्थ केलेला आहे. ऐंशी, शंभर, एकशेपंधरा असं काही दिसलं तर तो तरंगता आहे. मग न्यूट्रल जनरेटरच्या बाजूला एकाच ठिकाणी अर्थला जोडायचा, आणि बॉडी घराच्या अर्थिंगला स्वतंत्र, जाड वायरने. कंपनीच्या माहितीपुस्तकात त्या मॉडेलला हे कसं करायचं ते दिलेलं असतं, वायरमनने ते वाचूनच हात घालावा. काही इन्व्हर्टर जनरेटरांत असं जोडणं चालत नाही.

आरसीसीबीवर आमचा एवढा भर का, तेही सांगतो. छोटा जनरेटर शॉर्ट झाला तरी रेटेड प्रवाहाच्या साधारण तिप्पटच देऊ शकतो. ५ केव्हीए असेल तर ६५ अँपिअर. घरातला ३२ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की सुटणारा ब्रेकर) तत्काळ सुटायला पाच ते दहा पट, म्हणजे किमान १६० अँपिअर लागतात. तो सुटेल, पण तापून, सावकाश. म्हणून जनरेटरच्या बाजूला ‘बी’ प्रकारचा, २० किंवा २५ अँपिअरचा एमसीबी लावतात, जो तीन ते पाच पटीत सुटतो, आणि अर्थ दोषासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी.

प्रश्न : जनरेटर बाल्कनीत ठेवला तर चालेल का? पावसात भिजणार नाही आणि वायरही कमी लागेल.

बाल्कनीत नाही, गॅरेजमध्ये नाही, तळघरात नाही, जिन्याखाली नाही. दार-खिडक्या उघड्या ठेवल्या तरी नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठायची संधी देत नाही. फिरता जनरेटर दारं, खिडक्या आणि हवा आत घेणाऱ्या झरोक्यांपासून किमान ६ मीटर लांब, धुराड्याचं तोंड घरापासून उलट दिशेला ठेवा. कायमचा बसवायचा, पेटीतला संच असेल तर भिंत, खिडकी आणि छतापासूनची अंतरं कंपनीने दिलेली असतात, ती कमी करू नका. झोपायच्या खोल्यांजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. पावसासाठी वर पत्र्याची शेड करा, चारी बाजू मोकळ्या ठेवून. चालू जनरेटरवर ताडपत्री टाकू नये.

अंतर वाढलं म्हणून वायरची जाडी वाढवावी लागते, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. जनरेटर ते चेंजओव्हर २० मीटर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर तांबं झालं. २२ अँपिअरला २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये साडेसहा व्होल्ट जातात, ४ मध्ये चार, ६ मध्ये पावणेतीन. वायर तापली की हे आकडे आणखी वाढतात. अडीचची वायर या कामाला घेऊच नका. २० मीटरला ४ चालेल, आम्ही ६ टाकू, कारण मोटर सुरू होताना प्रवाह काही पट होतो आणि व्होल्टेजची घटही त्याच पटीत वाढते. जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल (वरून पोलादी कवच, म्हणजे आर्मर, असलेली), दोन्ही टोकांना ती घट्ट पकडणारा ग्लँड, आणि आर्मर अर्थला जोडलेला.

प्रश्न : इन्व्हर्टर-बॅटरी आणि छतावर सोलरही आहे. जनरेटर आला की या दोघांचं काय?

सोलर आधी बघा, कारण तिथली चूक महागात पडते. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की बंद होतो, तसाच बनवलेला असतो. पण तो चेंजओव्हरनंतर जोडलेला असेल तर जनरेटरचा पुरवठा बघून त्याला लाइट आली असं वाटू शकतं. दुपारी घरात लोड कमी आणि ऊन भरपूर असलं की सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये घुसते. जनरेटर ती परत घेऊ शकत नाही. व्होल्टेज वर जातं, घरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणि जनरेटरचं नियंत्रण कार्ड दोन्ही जातात. म्हणून सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या आधी, मेनच्या बाजूलाच हवी. जनरेटरबरोबर चालणारी हायब्रिड यंत्रणा असेल तर तिच्या जनरेटरच्या ठरवलेल्या टर्मिनललाच जोडा.

बॅटरीच्या इन्व्हर्टरचं इनपुट चेंजओव्हरनंतर येऊ द्या. लाइट जाते तेव्हा बॅटरी उतरलेली असते, त्यामुळे जनरेटर सुरू झाला की चार्जर आपला ५०० ते १,००० वॅट लोड टाकतो. तो हिशोबात धरा. जनरेटर चालू असूनही इन्व्हर्टर बॅटरीवरच राहत असेल तर तो ‘यूपीएस’ मोडवर आहे, ज्यात व्होल्टेजची मर्यादा अरुंद असते. साध्या मोडवर टाकला की बहुधा पुरवठा स्वीकारतो.

प्रश्न : ऑटोमॅटिक चेंजओव्हर घ्यावा का?

घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल, किंवा वृद्ध माणसं एकटी राहत असतील तर घ्यावा. एरवी हाताचा पुरे. ऑटोमॅटिकला स्व-प्रारंभाचा जनरेटर, बॅटरी आणि तिचा कायम चालणारा चार्जर लागतो. त्यात दोन काँटॅक्टर (विजेने चालू-बंद होणारे स्विच) असतात आणि त्यांच्यात विजेचा आणि यांत्रिक असे दोन्ही अडसर हवेत. फक्त विजेचा असेल तर काँटॅक्टरचे संपर्क चिकटल्यावर तो निरुपयोगी ठरतो. लाइट परत आली की लगेच मेनवर न जाता एक-दोन मिनिटं थांबायची वेळ लावून घ्या. लाइट बऱ्याचदा येते आणि लगेच पुन्हा जाते. लोड काढल्यावर इंजिन रिकामं दोन-तीन मिनिटं चाललं पाहिजे.

प्रश्न : तीन वायरमनचे अंदाज आले आहेत. एकात फक्त ‘जनरेटर फिटिंग, साहित्यासह’ एवढंच लिहिलं आहे. निवड कशी करावी?

ज्याने एका ओळीत काम लिहिलं तो पुढे कोणतीही वायर टाकू शकतो आणि तुम्हाला बोलता येणार नाही. कागदावर हे हवं : वायरचा धातू, जाडी आणि मीटर, चेंजओव्हरचे पोल आणि अँपिअर, एमसीबीचा प्रकार आणि आकडा, आरसीसीबी, अर्थची वायर आणि ती कुठे जोडणार, जनरेटरवर कोणती सर्किटं येणार त्यांची यादी. एका पानावर सिंगल लाइन आकृती मागा. मेन, मीटर, चेंजओव्हर, जनरेटर, डीबी, एवढ्या पाच चौकटी जो काढून देऊ शकत नाही त्याने हे काम घेऊ नये. परवाना बघा, क्रमांक लिहून घ्या. वीज कंपनीला कळवणं किंवा परवानगी लागते का, आणि लागत असेल तर ते कोण करणार, हे आधी ठरवा. जनरेटर विकणारा ‘फिटिंग फुकट’ म्हणतो तेव्हा त्याचा माणूस सहसा फक्त इंजिन सुरू करून दाखवायला येतो. गॅसवर चालणारा संच असेल तर गॅसची लाइन गॅसवाल्यानेच टाकायची.

दोन प्रश्न विचारून बघा. “न्यूट्रलचं काय करणार?” आणि “लोड कसा मोजणार?” पहिल्यावर जो जनरेटरचं मॉडेल विचारतो आणि दुसऱ्यावर पिशवीतून क्लॅम्प मीटर काढतो, तो माणूस कामाचा. पैशांचा शेवटचा हप्ता पूर्ण लोडवरच्या चाचणीनंतर देण्याचं लिहून घ्या.

प्रश्न : काम संपल्याच्या दिवशी आपण काय बघावं?

जनरेटर सुरू करण्याआधी वायरमनने नव्या वायरींची मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) ५०० व्होल्टवर इन्सुलेशन चाचणी करावी, टीव्ही-राउटर वगैरे काढून ठेवून. एक मेगाओमपेक्षा कमी चालत नाही. नंतर इंजिन रिकामं चार-पाच मिनिटं चालवायचं आणि चेंजओव्हर शून्यावर असतानाच व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी मोजायची. साध्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी रिकामं असताना ५१-५२ असते, पूर्ण लोडवर ५०च्या आसपास उतरते. ती ४९च्या खाली जात असेल तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) जुळवून घ्यावा लागेल. मग मूठ दोनवर, आणि लोड एकेक करून.

सगळा ठरलेला लोड टाकून किमान अर्धा तास चालू द्या, आणि मग सांध्यांची उष्णता इन्फ्रारेड थर्मामीटरने बघायला सांगा. बिघाड होतो तो बहुधा इथेच. अनेक तारांची वायर लगशिवाय (लग म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) नुसती पिळून स्क्रूखाली दाबली की स्क्रू काही तारांवरच बसतो, बाकीच्या बाजूला सरकतात. काही आठवड्यांत स्क्रूजवळचं प्लॅस्टिक आधी कडक होतं, मग तपकिरी, आणि त्याला जळक्या माशासारखा वास येतो. म्हणून प्रत्येक टोकाला क्रिम्प केलेला लग हवा. दाबलेला लग ओढून बघा, सुटता कामा नये. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलवर येत असेल तर बायमेटल, म्हणजे दोन्ही धातूंचा, लग. महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा आवळून द्यायचं वायरमनकडून कबूल करून घ्या.

जाण्यापूर्वी त्याने चेंजओव्हरच्या दारावर सुरू आणि बंद करण्याचा क्रम मराठीत लिहून चिकटवावा, आणि मीटरजवळ ‘येथे जनरेटर आहे’ अशी पाटी लावावी, लाइनमनला दिसेल अशी. मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने तो क्रम एकदा स्वतः करून बघावा, वायरमन उभा असतानाच.

प्रश्न : सहा महिने वापरला नाही, आता पेट्रोल जनरेटर सुरूच होत नाही. वायरिंगमध्ये दोष असेल?

नाही, कार्ब्युरेटरमध्ये. पेट्रोल महिन्या-दोन महिन्यांत शिळं होतं, त्याचा चिकट थर जेटच्या केसाएवढ्या भोकात बसतो. टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, जेट साफ करून घ्या, ताजं पेट्रोल भरा. पुढे ठेवून देताना इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे वाटी कोरडी राहते. महिन्यातून एकदा वीस मिनिटं चालवा, आणि तेही लोडवर. पहिलं ऑइल साधारण २० तासांनी किंवा महिन्याने बदलतात, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. तुमच्या पुस्तकात वेगळं असेल तर तेच पाळा. सेल्फचा जनरेटर असेल तर आधी बॅटरी मोजा. स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि स्टार्टर फिरवताना ९.६च्या खाली जात असेल तर ती बदला. इंधन भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच.